टेंडर मिळाल्यानंतरचे नव्वद दिवस

जिल्हा उद्योग केंद्रात किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या संघटनेच्या सभागृहात शासकीय खरेदीवर कार्यशाळा होते, तेव्हा दिवसाचा मोठा भाग नोंदणीत जातो. लघुउद्योगाच्या नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र कसं काढायचं, केंद्राच्या खरेदीच्या जेम पोर्टलवर कॅटलॉग कसा चढवायचा, राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर डिजिटल सही कशी जोडायची. हे शिकायलाच हवं, पण ते आठवडाभरात जमतं. लहान कारखाना अडतो तो त्याच्या पुढे. ऑर्डर हातात पडते आणि पत्रा रोखीनं उचलावा लागतो, हमीची रक्कम बँकेत अडकते, माल पोहोचतो पण तो स्वीकारल्याची सही मिळत नाही. आपलं धोरण दारातून आत घेताना उदार आहे. आत आलेला माणूस उभा कसा राहील याचा विचार त्यात फार कमी आहे. उद्योजकाची तयारीही बहुधा दारापर्यंतचीच असते. सरकारी किंवा कंपन्यांच्या कामाची तयारी ऑर्डरनंतरच्या तीन महिन्यांसाठी करावी लागते, आणि सरकारनंही आपला भर तिकडे वळवायला हवा, असं या लेखाचं म्हणणं आहे.

दारातल्या सवलती खऱ्या आहेत, त्या आधी नीट समजून घेऊ. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं केंद्राचं सार्वजनिक खरेदी धोरण २०१२ साली आलं. वार्षिक खरेदीतला २० टक्के वाटा १ एप्रिल २०१५ पासून बंधनकारक झाला आणि २०१८ च्या दुरुस्तीनं तो २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून घ्यायचे असतात. ३५८ वस्तू फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या आहेत. टेंडरचे कागद मोफत, टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम माफ. केंद्राची खाती आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या या सगळ्यांना हे लागू आहे. मराठी मुलखातल्या कारखानदाराच्या आवाक्यात हा बाजार किती मोठा आहे ते पाहा: माझगाव डॉक, राष्ट्रीय केमिकल्स, माहुलची रिफायनरी, ओझरचं एचएएल, नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स, वास्कोचं गोवा शिपयार्ड, शिवाय खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भद्रावती, अंबाझरी इथल्या आयुधनिर्माण्या, ज्या ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपन्यांच्या हाताखाली आल्या.

मात्र हे धोरण केंद्राचं आहे. जिल्हा परिषद, महापालिका, राज्याची खाती यांना ते आपोआप लागू होत नाही. तिथे राज्याचे खरेदी नियम आणि त्या त्या टेंडरची अट चालते. 'माझ्याकडे उद्यम आहे, मग बयाणा कशाला' असं म्हणत नगरपालिकेच्या टेंडरमध्ये रक्कम न भरणारे पहिल्याच छाननीत बाद होतात. दुसरं म्हणजे, व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला या धोरणातलं खरेदीचं प्राधान्य मिळत नाही. कारखाना असूनही उद्यम प्रमाणपत्रावर मुख्य काम 'व्यापार' असं पडलेलं असेल, तर ते टेंडर यायच्या आधी दुरुस्त करून घ्यावं. टेंडर उघडल्यावर केलेली दुरुस्ती कुणी बघत नाही.

आता पैशाकडे वळू. एक हिशेब मांडून पाहू या. पोलादी कपाटांची २० लाखांची ऑर्डर आहे. १८ टक्के जीएसटी धरून बिल २३ लाख ६० हजारांचं. बयाणा माफ आहे, पण ऑर्डर मिळाल्यावर द्यायची सुरक्षा ठेव माफ नाही, आणि इथेच पहिला धक्का बसतो. ती ५ टक्के असेल तर १ लाख १८ हजार. ती बँक गॅरंटीनं दिली, तरी नव्या उद्योगाला गॅरंटी देताना बँक बहुतेकदा तेवढीच मुदत ठेव मागते. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे ही हमी सगळ्या जबाबदाऱ्या, वॉरंटीसकट, संपल्यावर आणखी ६० दिवस जिवंत ठेवावी लागते. कपाटाला दोन वर्षांची वॉरंटी असेल, तर हे पैसे माल दिल्यापासून सव्वीस महिने अडकले. वर्षाला अशा चार ऑर्डरी घेत राहिलं, तर पहिल्याच वर्षात पावणेपाच लाख आणि तिसऱ्या वर्षापासून दहा लाखांच्या आसपास रुपये बँकेत पडून राहतात. खेळत्या भांडवलाच्या हिशेबात ही ओळ सहसा नसतेच.

पत्रा, कुलपं, पावडर यांचे १२ लाख आणि त्यावरचा जीएसटी २ लाख १६ हजार. मजुरी, कोटिंग, वाहतूक, बसवून देणं असे साडेचार लाख. म्हणजे सुरक्षा ठेव धरून, माल दारात उतरेपर्यंत १९ लाख ८४ हजार खिशातून गेले. मग बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा, खरेदीवरचा परतावा वजा जाता १ लाख ४४ हजार. बिलाचे पैसे आले आहेत का, हे जीएसटी विचारत नाही. एकूण २१ लाख २८ हजार. भाडं, वीज, यंत्रांचे हप्ते आणि दोन महिन्यांचं व्याज यांचा वाटा २ लाख धरला, तर या ऑर्डरवर राहणारा नफा दीड लाख.

या दीड लाखाचं काय होतं? २० लाखांवर १२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज २० हजार. दर भरताना दोन महिन्यांचं व्याज धरलं होतं आणि पैसे सहा महिन्यांनी आले, तर जादा ८० हजार गेले. माल तीन आठवडे उशिरा पोहोचला तर आठवड्याला अर्धा टक्का दराने दंड ३० हजार. राहिले ४० हजार. यात कुणी लबाडी केलेली नाही, माल वाईट नाही, दर चुकलेला नाही. फक्त वेळ गेला.

याच हिशेबातून '१५ टक्क्यांच्या सवलती'कडे पाहायला हवं, कारण तिच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नाही. सगळ्यांत कमी दर, म्हणजे एल-वन, बिगर-लघुउद्योगाचा असेल आणि तुमचा दर त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असेल, तर एल-वनच्या दरावर यायची संधी तुम्हाला मिळते आणि किमान २५ टक्के मालाची ऑर्डर खरेदीदाराला तुम्हाला द्यावी लागते. माल विभागता येत नसेल तर पूर्ण ऑर्डरही देता येते. १५ टक्के जास्त दर मिळतो असं कुठेच लिहिलेलं नाही. वरच्या उदाहरणातल्या कारखान्यानं २० लाखांचा दर भरला आणि तो एल-वनपेक्षा १२ टक्क्यांनी वर निघाला, तर एल-वन सुमारे १७ लाख ८६ हजार. जीएसटी आणि ठेव सोडून त्याचा खर्च साडेअठरा लाख. 'आरक्षण मिळालं' म्हणून त्यानं होकार दिला, तर प्रत्येक कपाटामागे तोटा नक्की. आणि एल-वन स्वतःच लघुउद्योग असेल तर ही संधीही नाही. म्हणून दर भरण्याआधी कागदावर एक आकडा लिहून ठेवावा: याच्या खाली जायचं नाही. त्या आकड्यात व्याज, हमीचं कमिशन, तपासणीचा खर्च, सगळं आलं पाहिजे.

वाहतुकीचं तर वेगळंच. जेमवर दर करांसह आणि पोहोच असा असतो. टेंडरच्या तळाशी माल घेणाऱ्यांची, म्हणजे कन्साइनींची, यादी असते आणि ती शेवटपर्यंत वाचणारे थोडे. दोनशे कपाटं नाशकात एकाच गोदामात उतरवणं आणि तीच दोनशे नंदुरबारच्या सहा तालुक्यांत, शाळेशाळेत, दुसऱ्या मजल्यावर चढवून देणं यात लाखाचा फरक पडू शकतो. खरेदीदारानं जोडलेल्या जादा अटी वेगळ्या फाइलमध्ये असतात. प्रयोगशाळेचा अहवाल, नमुना आधी दाखवणं, विशिष्ट मेकचं कुलूप, पाच वर्षांची वॉरंटी हे तिथेच दडलेलं असतं. आधी ती फाइल, मग कन्साइनींची यादी, मग तांत्रिक तपशील आणि शेवटी दर, असा क्रम ठेवला तर निम्मे अपघात टळतील. अट अन्यायाची वाटली तर टेंडर बंद होण्याआधीच, ठरलेल्या मुदतीत, लेखी हरकत घ्यावी. निकाल लागल्यावर हरकतीला वजन राहत नाही.

पात्रतेच्या अटींवर सार्वजनिक चर्चा व्हायला हवी, कारण नवा उद्योग सर्वांत जास्त तिथेच बाहेर फेकला जातो. बांधकाम, विद्युत अशा कामांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या परिपत्रकातला निकष आजही देशभर उतरवून घेतला जातो. गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचं एक, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन सारखी कामं, आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या ३० टक्के. एक कोटीच्या कामाला ४० लाखांची तीन कामं केलेला माणूस हवा. ४० लाखांचं काम मिळायला आधी १६ लाखांची तीन हवीत. निकष अवाजवी नाही, पण तो एक जिना आहे आणि पहिली पायरी जमिनीपासून बरीच उंच आहे. वस्तूंच्या खरेदीत केंद्रानं ती पायरी खाली आणायची सोय केली आहे: गुणवत्ता आणि तांत्रिक अट पूर्ण होत असेल तर लघुउद्योगांना अनुभव व उलाढालीत सूट देता येते. जेमच्या टेंडरच्या पहिल्या पानावर ही सूट 'हो' की 'नाही' ते छापलेलं असतं. अडचण अशी, की हो म्हणायचं की नाही हे खरेदीदाराच्या मर्जीवर आहे. सार्वजनिक सुरक्षा, आरोग्य अशा बाबतींत 'नाही' समजू शकतं. शाळेच्या बाकांना आणि कार्यालयाच्या रॅकना 'नाही' कशासाठी? कारण लेखी द्यावं आणि ते टेंडरसोबतच जाहीर व्हावं, एवढा एक बदल केला तरी अनेक दारं उघडतील.

खरेदी अधिकाऱ्याची बाजूही खोटी नाही. नव्या पुरवठादाराचा माल फसला तर लेखापरीक्षणाचा शेरा त्याच्या नावावर येतो. अनुभवी एल-वनला ऑर्डर दिली की कुणी बोट दाखवत नाही. त्याची ही भीती उपदेशानं जाणार नाही, पण तिला उत्तर आहे. मोठ्या ऑर्डरीतला लहान हिस्सा नव्या उद्योगाला देऊन त्याची परीक्षा घेता येते, २५ टक्क्यांच्या तरतुदीचा खरा उपयोग तोच आहे. नमुना मंजूर केल्यावरच उत्पादन सुरू, मग पहिला टप्पा तपासून पुढचा, अशी साखळी लावली तर धोका मर्यादित राहतो.

पहिली पायरी चढण्यासाठी उद्योजकाला स्वतःही काही करता येतं. लहान काम पूर्ण होताच, त्याच आठवड्यात, पूर्णत्वाचा दाखला मागावा. त्यात ऑर्डर क्रमांक, रक्कम, ठरलेली आणि प्रत्यक्ष पूर्ण झालेली तारीख आणि काम समाधानकारक असल्याचा उल्लेख हवा. वर्षभरानं गेलं की अधिकारी बदललेला असतो आणि नवा माणूस जुन्या कामावर सही करायला धजत नाही. खासगी कंपनीचं काम अनुभव म्हणून दाखवायचं तर दाखल्यासोबत टीडीएसचा पुरावा बऱ्याच ठिकाणी मागतात, म्हणून रोखीच्या व्यवहारात केलेलं काम या हिशेबात शून्य. उलाढालीच्या दाखल्यावर सनदी लेखापालाचा यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा ओळख क्रमांक, हवा. तीन वर्षांचे ताळेबंद, विवरणपत्रं, जीएसटीची विवरणपत्रं यांतले आकडे एकमेकांशी जुळायला हवेत; कर वाचवण्यासाठी उलाढाल कमी दाखवलेली असेल तर ती इथे अंगावर येते. स्थानिक मूल्याचा दाखला हाही असाच. मेक इन इंडिया आदेशानुसार वर्ग-एक पुरवठादार ठरायला ५० टक्के देशी वाटा लागतो, वर्ग-दोनला २० टक्के. खरेदीच्या बिलांवरून तो वाटा काढून ठेवलेला असावा. अंदाजानं लिहून दिलेला आकडा खोटा निघाला तर उद्योग काळ्या यादीत जातो.

कंपन्यांचं दार वेगळं आहे. चाकण, वाळूज, सातपूरमध्ये दरापेक्षा आधी कारखाना बघितला जातो. आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र ही किमान गोष्ट; वाहन उद्योगात त्यापुढे आयएटीएफ १६९४९ आणि पीपॅप, म्हणजे उत्पादनाआधी भाग मंजूर करून घ्यायची प्रक्रिया. पीपॅपच्या अठरा घटकांपैकी ड्रॉइंग आणि नमुना देणं सोपं असतं. फसायला होतं ते मोजमापात आणि बाहेर दिलेल्या प्रक्रियेत. गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापातच होणारा फरक, १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं, ३० च्या वर गेलं की मोजमापावरच विश्वास नाही, मग १.३३ च्या वरचा सीपीके, म्हणजे उत्पादन मर्यादेत किती नीट राहतं याचा आकडा, दाखवूनही उपयोग नाही. उष्णता-प्रक्रिया आणि प्लेटिंग शेजारच्या शेडमधून करून घेतलं जातं, पण तो शेजारी कंपनीच्या मंजूर यादीत नसतो. ऑडिटर नेमकं तेच विचारतो आणि तिथेच नोंदणी अडकते. लाइनवर एक बॅच नाकारली गेली की डेबिट नोट, म्हणजे तुमच्या पैशांतून केलेली कपात, येते, आणि तिची रक्कम पुष्कळदा भागाच्या किमतीच्या कितीतरी पट असते. दर करारात पोलादाच्या भावाला बांधलेलं कलम नसेल, तर तीन महिन्यांनी भाव चढल्यावर नुकसान पुरवठादाराचं.

कंपनी पैसे कधी देते हे विचारायची लाज वाटू देऊ नये, आणि विचारण्याआधी बघताही येतं. २०२१-२२ पासून कंपन्यांच्या ताळेबंदात देण्यांची वयानुसार विभागणी द्यावी लागते आणि त्यात सूक्ष्म व लघु उद्योगांची वेगळी ओळ असते: वर्षाच्या आतली देणी, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीनची, तीनच्या पुढची. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर मिळतो. त्या ओळीत मोठी जुनी रक्कम दिसली, तर खरेदी व्यवस्थापकाच्या गोड शब्दांपेक्षा त्या ओळीवर विश्वास ठेवावा.

कायदा या बाबतीत लहान उद्योगाच्या बाजूनं चांगलाच उभा आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. ९० दिवसांची उधारी करारात लिहून घेतली तरी ४५ ची मर्यादा सुटत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर १८. असे वाद सोडवण्यासाठी राज्यानं नेमलेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, आणि तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. उद्यम नोंदणी ऑर्डरच्या आधीची असेल तर न्यायालयातला एक मोठा वाद टळतो. २०२३ मध्ये आयकर कायद्यात कलम ४३ब (एच) आलं, त्यामुळे मुदतीबाहेर थकवलेल्या बिलाची वजावट कंपनीला त्या वर्षी मिळत नाही, पैसे दिले त्या वर्षी मिळते. कंपन्या त्यामुळे काही प्रमाणात जाग्या झाल्या.

पण सरकारी खातं आणि महापालिका आयकरात वजावट घेतच नाहीत. म्हणजे हा चाबूक खासगी कंपनीवर पडतो आणि सरकारी थकबाकीदार सुटतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रभरातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर आले, ते याच पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवं. माल पुरवणाऱ्याला तिथेही व्याजाचा हक्क आहे, पण तो मागितला की पुढचं काम मिळणार नाही या भीतीनं कुणी मागत नाही. हक्क मागणाऱ्याच्या धाडसावर सोडलेला असेल तर तो मोठ्यांनाच मिळतो. म्हणून राज्य सरकार आणि स्थानिक संस्थांच्या बिलप्रणालीतच मुदत संपल्यावर व्याज आपोआप चढलं पाहिजे, पुरवठादारानं अर्ज करण्याची वाट न बघता. आणि निधीची तरतूद असल्याचा लेखाशीर्षासह दाखला जोडल्याशिवाय टेंडर निघूच नये. जी कामं निधी नसताना वाटली जातात, त्यांची थकबाकी अखेर पुरवठादाराच्या दागिन्यांवरच्या कर्जातून भरली जाते.

यात करदात्याचंही नुकसान आहे. उशिराचं व्याज दरात मिसळणारा पुरवठादार महाग पडतो. न मिसळणारा ते मालातून काढतो. २० गेजच्या जागी २२ गेजचा पत्रा लागला की कपाट दिसायला तेच, जाडी मात्र सुमारे ०.९ मिलिमीटरवरून ०.७ वर येते, आणि दोन पावसाळ्यांत दार वाकतं. शाळेतलं मोडकं कपाट ही पुष्कळदा वेळेवर न दिलेल्या बिलांची गोष्ट असते.

हे बदल होईपर्यंत उद्योजकाच्या हातात एक साधं हत्यार आहे, आणि ते वापरलं जात नाही. याच २००६ च्या कायद्यात म्हटलं आहे, की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जाईल, आणि मुदत माल दिल्याच्या दिवसापासून मोजली जाईल. 'साहेब रजेवर आहेत, तपासणी बाकी आहे' या उत्तराला कायद्यात जागा नाही. पण त्यासाठी माल कधी पोहोचला हे सिद्ध करता आलं पाहिजे. ड्रायव्हरनं आणलेल्या चलनाच्या प्रतीवर बहुतेकदा एक वेडीवाकडी सही असते, तारीख नसते, सही कुणाची ते कळत नाही. चलनाच्या तीन प्रती, प्रत्येकीवर ऑर्डर क्रमांक, नग, तारीख आणि वेळ, घेणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा शिक्का. उतरवलेल्या मालाचा फोटो. त्याच संध्याकाळी चलनाची प्रत जोडून खरेदीदाराला ईमेल. सोळाव्या दिवशी दुसरा ईमेल, की हरकत आलेली नाही, स्वीकृती झाली असं धरून बिल सोबत जोडत आहे. शिक्का मिळाल्याशिवाय गाडी परत फिरवायची नाही, हे ड्रायव्हरला निघण्याआधीच सांगून ठेवावं.